हा राजीनामा लिहिला कोणी?

नोकरी सोडणारा राजीनामा देतो, हे समजते. पण ज्याला नोकरीवरून हाकलले जाते, त्याच्याही सहीचा राजीनामाच कसा निघतो? हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत, ऐरोलीच्या टॉवरांत, चाकण, वाळूज आणि बुटीबोरीच्या शेडांत हा चमत्कार राजरोस चालू आहे. सरकार, कामगार खाते, विधिमंडळ आणि आमचा सुशिक्षित समाज या चौघांनाही त्यात वावगे काही दिसत नाही. आम्हाला दिसते. आम्ही याला दरोडा म्हणतो, आणि तो दिवसाढवळ्या, एसीच्या गारव्यात, पाण्याचा ग्लास पुढे करून घातला जातो म्हणून त्याचे नाव बदलायला आम्ही तयार नाही.

रीत ठरलेली आहे. दुपारी बोलावणे येते. केबिनमध्ये एचआरचे दोघे आणि पूर्वी कधी न पाहिलेला एक तिसरा बसलेला असतो. मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात. टेबलावर कागद आधीच छापून तयार : ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’ खाली नाव, नावाखाली रेघ. सही केलीत तर दोन महिन्यांचा पगार आणि चांगले पत्र. नाही केलीत तर टर्मिनेशनचा शिक्का, मग पुढे दारात कोणी उभे करणार नाही. घरी विचारून उद्या सांगतो म्हटले तर उत्तर येते, उद्या ही ऑफर नसेल. हप्ते डोळ्यांपुढे येतात, मुलीची फी येते, आईची औषधे येतात. माणूस सही करतो. अर्ध्या तासात लॅपटॉप जमा, गळ्यातले ओळखपत्र जमा, आणि बारा वर्षे ज्याला ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायचा तोच सुरक्षारक्षक त्याला गेटपर्यंत सोडायला येतो.

वैयक्तिक कारण! कोणाचे? नफ्याचा आकडा तिमाहीत चार पैशांनी उतरला हे त्या माणसाचे वैयक्तिक कारण झाले काय? परदेशातला ग्राहक गेला, यंत्राने काम हिसकावले, दोन कंपन्या एक झाल्या, ही सारी त्याच्या घरातली भानगड काय? जो कागद त्याने लिहिला नाही, ज्याची भाषा त्याची नाही, ज्याची वेळ त्याने निवडली नाही, त्या कागदाचा कर्ता मात्र तोच!

हा खटाटोप कशासाठी, तर पैशासाठी. काढून टाकणे आणि राजीनामा घेणे यांत कायद्याने मोठे अंतर ठेवले आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातला नियम असा की, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस, कारणासकट, किंवा तेवढा पगार द्यावा. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा. शेवटी आलेला आधी जाईल. पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याला प्राधान्य मिळेल. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा सांगाडा राखला आणि वर आणखी पंधरा दिवसांच्या पगाराची भर घातली, जी कौशल्य निधीतून कामगाराच्या खात्यात पंचेचाळीस दिवसांत पडायची आहे. पण कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती वगळलेली आहे. माणूस स्वतःहून गेला की हे सारे गेले. मग त्याला ‘स्वतःहून’ घालवणे हा एक धंदाच होऊन बसला.

आकड्यांत पाहा. दरमहा 26,000 रुपये वेतन घेणारा, दहा वर्षे झालेला तंत्रज्ञ धरू. कपात केली तर नोटिशीचे 26,000, भरपाईचे साधारण 1 लाख 30 हजार, निधीतले 13 हजार. एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास. त्याच्यापुढे ठेवले काय जाते? दोन महिन्यांचे 52,000, तेही उपकार म्हणून. एका सहीमागे लाखाहून अधिक रुपये मालकाच्या खिशात परत. अशा शंभर सह्या एका आठवड्यात गोळा केल्या की एक कोटी. एवढ्या कमाईसाठी केबिनमध्ये पाण्याचा ग्लास ठेवायला कोणाची हरकत असेल?

ग्रॅच्युइटी तेवढी वाचते, कारण पाच वर्षे भरली की ती राजीनाम्यातही द्यावीच लागते. या आमच्या तंत्रज्ञाची ती दीड लाख होते : शेवटचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षे. ती तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. आणि तरीही ‘राजीनामा दिलात तर ग्रॅच्युइटी सोडू’ असे जणू स्वतःच्या घरचे दिल्यासारखे सांगणारे महाभाग आहेत! जे आधीच माणसाचे आहे त्याचीच त्याला लाच देणारा हा प्रकार किती निर्लज्ज आहे, हे सांगायला शब्द अपुरे पडतात.

जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले तेव्हा वर्तमानपत्रांचे मथळे थरथरले. निदान तिथे जाहीर तरी झाले. ज्या कंपन्यांची नावे गल्लीबाहेर कोणाला ठाऊक नाहीत, त्यांत दर महिन्याला पाच-पाच, दहा-दहा राजीनामे गुपचूप उचलले जातात, त्यांची घोषणा कोण करणार? सरकारच्या दप्तरात ती कपात नसतेच. कागदोपत्री महाराष्ट्रातला पगारदार वर्ग भलताच चंचल दिसतो. घरभाडे थकलेले असताना, दुसरी नोकरी हातात नसताना तो आपला वैयक्तिक कारणांनी धडाधड राजीनामे देत सुटला आहे!

बाहेर पडल्यावर दुसरा अंक सुरू होतो. पगाराचा शेवटचा हिशेब, ज्याला सारे एफ अँड एफ म्हणतात, तो पंचेचाळीस दिवसांनी मिळेल असे सांगतात. कोणत्या कायद्याने? वेतन संहितेचा आदेश स्वच्छ आहे : काढलेले असो, कपात झालेली असो, राजीनामा असो वा कारखाना बंद पडलेला असो, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत हाती पडले पाहिजे. दोन! 1936 च्या जुन्या वेतन कायद्यातही काढलेल्या माणसासाठी मुदत हीच होती. नव्वद वर्षे हा नियम पुस्तकात आहे आणि नव्वद वर्षे तो पुस्तकातच आहे. माणूस फोन करतो, ‘प्रोसेसमध्ये आहे’ ऐकतो, पुन्हा फोन करतो, नंतर त्याचा फोन उचलला जात नाही.

त्याहून जहरी शस्त्र म्हणजे रिलीव्हिंग लेटर. हा एका पानाचा कागद नसेल तर पुढची कंपनी दार उघडत नाही. जुन्या मालकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो पत्र अडकवतो आणि म्हणतो, आधी ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही’ यावर सही करा. आदर्श स्थायी आदेशांत कायम कामगाराला सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण तो आदेश छोट्या आस्थापनेला लागू नाही आणि जिथे लागू आहे तिथे त्याची आठवण कोणाला नाही. काही ठिकाणी तर रुजू होतानाच मूळ गुणपत्रिका, पदवी काढून घेऊन कपाटात कुलूपबंद ठेवतात. दुसऱ्याची पदवी गहाण ठेवण्याचा परवाना यांना दिला कोणी? संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगार बंद केली. वेठबिगार म्हणजे फक्त दगडाच्या खाणीतली, असा ज्यांचा समज आहे त्यांनी एकदा एखाद्या खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेला विचारावे.

नोटिशीचाही न्याय पाहा. साहेबाला माणूस नको झाला तर त्याच संध्याकाळी गेट बंद. माणसाला नोकरी नको झाली तर नव्वद दिवस हलायचे नाही. वर बाँड, वर ‘दोन वर्षे स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ अशी अट. ही शेवटची अट बहुतेक वेळा निव्वळ बुजगावणे असते. 1872 च्या करार कायद्याचे कलम 27 सांगते की धंदा-रोजगार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानला एका जाहिरात व्यवस्थापन कंपनीने करार संपल्यावरही बांधून ठेवू पाहिले, तेव्हा 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले : करार संपल्यानंतरचे असले बंधन चालणार नाही. बाँडचे मात्र तसे नाही, हे वाचकांपासून लपवणार नाही. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. आम्हाला तो निकाल पटलेला नाही. सरकारी बँकेचा भरतीखर्च वाचावा म्हणून दिलेला युक्तिवाद उद्या गल्लीतला प्रत्येक क्लासवाला आणि सॉफ्टवेअरचा दुकानदार आपल्या फळ्यावर लिहून ठेवील. पण निकाल आहे, आणि बाँडवर सही करणाऱ्याने तो लक्षात ठेवलाच पाहिजे.

आता थोडे आमच्याच लोकांविषयी, आणि ते कडू लागेल. या लुटीला अर्धी मदत लुटल्या जाणाऱ्यांची आहे. ‘आपण कामगार नाही’ ही जी मध्यमवर्गीय मिजास आहे, ती मालकांना कोणत्याही वकिलापेक्षा स्वस्तात पडते. भेटकार्डावर ‘मॅनेजर’ छापले की गडी खूश! युनियन म्हणजे गिरणीवाल्यांची, लाल बावट्याची, आपण कॉर्पोरेट. मग काढताना तीच पदवी त्याच्या तोंडावर मारली जाते : तुम्ही मॅनेजर होता, कामगार कायदा तुम्हाला लागू नाही. खरे काय आहे? न्यायालये पदनाम पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. 1985 मध्ये सीबा-गायगी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून ठेवले आहे : माणसाचे मुख्य काम कारकुनी असेल तर जोडीला थोडी देखरेख केल्याने तो कामगारपणातून उठत नाही. ज्याच्या हाताखाली कोणी नाही, ज्याला एका दिवसाची रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, असे शेकडो ‘मॅनेजर’ कायद्याने कामगारच आहेत. ते त्यांना कळत नाही, आणि कळले तरी मान्य करायची लाज वाटते.

लाज! नोकरी गेलेला माणूस सकाळी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन घरातून निघतो, कुठल्यातरी बागेत बसतो आणि संध्याकाळी परततो. शेजाऱ्याला कळू नये, सासुरवाडीला कळू नये, सोसायटीच्या ग्रुपवर येऊ नये. ज्याने चोरी केली तो केबिनमध्ये पुढच्या नावावर खूण करत बसला आहे आणि ज्याची चोरी झाली तो तोंड लपवून फिरतो आहे! ही उलटी रीत मोडल्याशिवाय कोणताही कायदा उपयोगी पडणार नाही. ज्या समाजाने विधवेला, परित्यक्तेला तिचा नसलेला कलंक पिढ्यान्पिढ्या वाहायला लावला, त्यानेच आता हा नवा कलंक शोधून काढला आहे.

आणि जे खरोखरच कामगाराच्या व्याख्येत बसत नाहीत त्यांचे काय? त्यांच्या हाती फक्त नेमणुकीचा करार. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही; फार तर नोटिशीचा पगार मिळतो. सरकारी महामंडळांना 1986 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने खडसावले होते की कारण न देता, नुसती तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम माणसाला घालवण्याचा नियम विवेकाला धरून नाही. तो विवेक सरकारी फाटकाशी थांबला. खासगी फाटकात तेच कलम आजही प्रत्येक नेमणूकपत्रात छापलेले सापडेल.

महाराष्ट्राने तर पुढे जाण्याऐवजी मागे पाय घेतले. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात, वर्षभर नोकरी झालेल्याला तीस दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय किंवा तेवढ्या पगाराशिवाय काढता येणार नाही, असे कलम होते. कापडदुकानातल्या नोकरालाही त्याचा आधार होता. 2017 चा नवा कायदा आला आणि त्यात हे कलमच राहिले नाही. व्यवसाय सुलभ झाला म्हणून टाळ्या वाजल्या. कोणासाठी सुलभ? केंद्राच्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या. त्यांत मुदतीच्या नोकरांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद चांगली आहे, ती आम्ही चांगलीच म्हणू. पण कपात करण्याआधी सरकारची परवानगी घ्यायची ती आता शंभर नव्हे, तीनशे कामगारांच्या कारखान्याला. आणि मुदत संपलेल्याला घरी पाठवणे ही कपातच नव्हे. म्हणजे उद्या कायम नेमणूक देईल कोण?

कंपनीच बुडाली तर? मुंबईच्या जेट एअरवेजचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019 रोजी उडाले. महिनोन्महिने पगार थकलेले हजारो कर्मचारी त्या दिवशी रस्त्यावर आले. नव्या मालकाची वाट पाहत साडेपाच वर्षे गेली, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. दिवाळखोरी संहितेत कामगारांच्या शेवटच्या चोवीस महिन्यांच्या येण्याला तारणधारक बँकांच्या बरोबरीची रांग आहे. पण कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांना बारा महिन्यांपुरतीच, आणि बँकांच्या मागची. ज्यांनी घाम गाळला ते मागे, ज्यांनी न बघता कर्जे वाटली ते पुढे! भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा कर्मचाऱ्यांना लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावे लागले.

आणि आम्ही वर्तमानपत्रवाले? आमच्याकडे तरी काय उजेड आहे! पत्रकाराला तीन वर्षांतच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, म्हणून त्याला कराराचा कागद देऊन दर वेळी नवा करायचा, ही युक्ती याच धंद्यात मुरली. साऱ्या जगाच्या हकालपट्ट्यांवर लिहिणाऱ्या छापखान्यांतून स्वतःच्या हकालपट्टीची बातमी कधी छापून आलेली वाचकांनी पाहिली आहे काय?

मालक मंडळी म्हणतील, धंद्यात चढउतार असतो, माणसे कमी करावी लागतात. लागत असतील. कोणालाही कधीच काढू नका, असे आम्ही म्हणतच नाही. काढा, पण स्वतःच्या सहीने काढा. कारण लिहा, नोटीस द्या, भरपाई मोजा आणि निरोप द्या. ज्या निर्णयाचे सगळे फायदे तुमचे, त्याचा दस्तऐवज दुसऱ्याच्या नावाने का? ज्यांना ही भरपाई परवडत नाही असे खरोखरचे लहान कारखानदार आहेत, त्यांच्यासाठी विमा काढा, निधी उभारा, सरकारने हिस्सा घालावा. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकाला नव्वद दिवसांपर्यंत निम्म्या सरासरी वेतनाइतका आधार मिळू शकतो, पण त्या छत्रीखाली 21 हजारांपर्यंत वेतन असलेलेच येतात आणि त्यांतल्याही बहुतेकांना तिचे नाव ठाऊक नाही.

इटलीत एके काळी असाच रोग होता. नोकरी देतानाच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवायची आणि बाई गरोदर राहिली की तारीख घालून तो बाहेर काढायचा. मार्च 2016 पासून तिथे कागदावरचा राजीनामा कायद्यानेच निष्प्रभ झाला. माणसाने स्वतः सरकारी संकेतस्थळावर, स्वतःच्या ओळखीने नोंदवला तरच तो राजीनामा. आणि नोंदवल्यावर सात दिवसांत मागे घेण्याची मुभा. एवढी साधी गोष्ट! आपल्याकडे आधार आहे, प्रत्येकाचा भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे, नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण नोंदवायची जागाही आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे महाराष्ट्राला दिल्लीच्या तोंडाकडे बघत बसण्याचे कारण नाही. कामगारमंत्र्यांनी पुढच्या अधिवेशनात विधेयक आणावे : कर्मचाऱ्याने स्वतः सरकारी नोंदीत टाकलेला राजीनामाच राजीनामा, बाकी सारी कपात, सात दिवस माघारीचा हक्क, आणि शेवटच्या दिवशी सेवेचा दाखला हातात न देणाऱ्याला रोजच्या हिशेबाने दंड. अध्यादेश काढून दुकानांचे तास वाढवता येतात, तर हेही येते.

1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अशा त्या मागण्या होत्या. त्या सह्या करणाऱ्यांतल्या कित्येकांना स्वतःचे नावही लिहिता येत नसेल. पण त्यांनी अंगठे उठवले ते मागण्यासाठी, आणि एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. त्यांचे इंजिनिअर झालेले नातू-पणतू बंद केबिनमध्ये एकेकटे बसून, स्वतःचा हक्क सोडल्याच्या कागदावर सुबक इंग्रजी सह्या करत आहेत.

म्हणून, वाचकहो, विधेयक येईल तेव्हा येईल. उद्या तुम्हाला केबिनमध्ये बोलावले तर एवढे करा. सही करू नका. ‘वाचून, विचारून कळवतो’ असे तोंडी सांगा आणि बाहेर येताच तोच मजकूर ई-मेलने पाठवा, कोण हजर होते आणि काय धमकी दिली हे तारीख-वेळेसकट लिहा. दबावाखाली सही झालीच असेल तर त्याच दिवशी राजीनामा मागे घेत असल्याचे लेखी कळवा. सप्टेंबर 2024 मध्ये कोकण रेल्वेच्या एका जुन्या कर्मचाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने परत कामावर घ्यायला लावले ते याच मुद्द्यावर, की राजीनामा स्वीकारल्याचे रीतसर कळवण्याआधीच त्याने तो मागे घेतला होता. पगारपत्रके, नेमणूकपत्र, कामाचे मेल यांच्या प्रती घरी ठेवा. शेजारच्या टेबलावरच्याला सांगा, कारण पुढचे नाव त्याचे आहे. आणि काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार दाखल करा. ही मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, नव्या संहितेने ती एक वर्षाने कमी केली आहे.